चार बॅचचा बबन

आमच्या तेलगावात माणसाचं डोकं दुखलं की तो माझ्या मेडिकलवर येतो, गोळी घेतो आणि जातो. बबनचं तसं नाही. तो गोळ्यांची पट्टी हातात घेतो, चष्मा कपाळावर सारतो, पट्टी नाकाला टेकवतो आणि तिच्यावर छापलेला बॅच नंबर मोठ्यानं वाचतो. मग पट्टी काउंटरवर ठेवून मला विचारतो,

"सुध्या, ह्या बॅचच्या बाकीच्या गोळ्या कुठं गेल्या असतेन बे?"

"दुसऱ्यांच्या पोटात," मी म्हणतो.

"तसं न्हाई. आता बघ, एकाच दिवशी, एकाच मशिनीतून निघाल्या समद्या. एक पट्टी तुझ्याकडं आली. एक केजला गेली असंल. एक पार नागपूरला. आता त्यायची काय गाठ पडती का?"

एकदा त्याच्या मागे एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. तिनं बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, गोळ्यायचं सोयरपण मागून काढा. माझं लेकरू तापलंय."

बबन लगेच बाजूला झाला. एवढंच नाही, बेकरीतून दोन नानकटाया आणून त्या लेकराच्या हातात दिल्या. आणि जाता जाता तिच्या औषधाच्या बाटलीवरचा बॅच नंबरही वाचून घेतला.

बबनची बेकरी माझ्या मेडिकलला लागून आहे. माणूस बुटका, अंगानं गोल, आणि भुवयांवर कायम मैदा. त्यामुळे तो तिशीतच म्हातारा दिसायचा. आता खरोखर पन्नाशीला टेकलाय, तर कुणाला फरकच कळत नाही. बोलायला लागला की समोरच्याला थांबवता येत नाही, आणि फिरून फिरून गाडी एकाच शब्दावर येते. तो शब्द म्हणजे बॅच. बबन दहावीला इंग्रजीत एकदा-दोनदा नाही, चार वेळा नापास झालेला आहे. पण इंग्रजीतला हा एक शब्द त्याला जेवढा माहीत आहे तेवढा तो इंग्लंडच्या राजालाही माहीत नसेल.

याचं मूळ आमच्या वाघमारे सरांकडे जातं. सर इंग्रजी शिकवायचे. आम्हाला धड्याखालची प्रश्नोत्तरं हवी असायची आणि सर शब्दांची खानदानं सांगत बसायचे. एकदा त्यांनी सांगितलं, की 'बेक' म्हणजे भाजणं, त्याच्यापासून 'बॅच' झालं. जसं 'वेक' म्हणजे जागणं, त्याच्यापासून पहाऱ्याचं 'वॉच'. बॅच म्हणजे आधी नुसतं भाजणं. मग एका वेळी भट्टीत भाजलेले पाव. मग एका वेळी तयार झालेलं काहीही. आणि सगळ्यात शेवटी, एका वेळी निघालेली माणसं. हे सांगून सरांनी फळा पुसला आणि आम्ही सगळ्यांनी डोकं पुसलं. परीक्षेला येणार नव्हतं ना!

बबननं मात्र ते धरून ठेवलं. पुढे तो माजलगावला एका चाचांच्या बेकरीत कामाला लागला. पहिल्याच दिवशी चाचांनी भट्टीतून पावांच्या लाद्या ओढून काढल्या आणि म्हणाले, "ये एक घाना हुआ." बबन म्हणतो, त्या क्षणी त्याच्या अंगावर काटा आला. वाघमारे सरांची बॅच म्हणजे आपल्या भजीवाल्याचा, जिलबीवाल्याचा, चाचांचा घाणा!

"लादी बघितलीस का कधी नीट?" तो गिऱ्हाइकाला विचारतो. गिऱ्हाईक घाईत असतं. "गोळे भट्टीत जाताना सुटे सुटे ठेवतेत. निघताना एकमेकाला चिकटून निघतेत. त्याला म्हनतेत बॅच. कळालं का?"

"कळालं. अर्धी लादी द्या."

"अर्धी मोडाया लागंल," बबन दुःखानं म्हणतो आणि मोडून देतो.

आता चार बॅचची भानगड. नापास झालेलं पोरगं शाळेत येत नाही, फॉर्म भरून घरी बसतं, हा सगळीकडचा रिवाज. बबन शाळेत यायचा. रोज, वेळेवर, तेल लावून भांग पाडून. त्या वेळचे हेडमास्तर कनवाळू होते. बबन घंटा वाजवायचा, पाण्याची टाकी भरायचा, म्हणून त्यांनी त्याला शेवटच्या बाकावर बसू दिलं. हजेरीत नाव नव्हतं, तर त्यानं सरांच्या मागे लागून ते सगळ्यात खाली पेन्सिलीनं घालून घेतलं. असा तो चार वर्षं चार वर्गांबरोबर दहावीत बसला. आमचा वर्ग त्यातला तिसरा. पुढे हेडमास्तर बदलले, नव्यांनी बबनला फाटक दाखवलं, आणि त्याचं शिक्षण तिथं संपलं.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे स्नेहमेळाव्यांची साथ आलीय. जी ती बॅच उठते आणि मंगल कार्यालय धरते. फेटे बांधतात, सरांच्या गळ्यात हार घालतात, प्रार्थना म्हणतात, मग जेवून रडतात किंवा रडून जेवतात. बबनला एकाच शाळेचे चार मेळावे लागू होतात. पहिल्या दोन्ही मेळाव्यांना तो न चुकता गेला. पण गंमत अशी की, पहिल्या बॅचला तो दुसऱ्या बॅचचा वाटतो आणि दुसरीला पहिलीचा. सगळे म्हणतात, "या या बबनराव, खुर्ची घ्या," आणि फोटोच्या वेळी कॅमेरा त्याच्याच हातात देतात.

"ह्यायला चार बॅचा हायत," शोभावहिनी, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली होती, "पन एकाबी फोटूत हे न्हाईत. फोटू काढणारा म्हून समदे फोटू ह्यायचे."

मागच्या हिवाळ्यात आमच्या बॅचची वेळ आली. पुढाकार प्रमोदचा. प्रमोद पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. पुण्याची भाषा बोलतो, फक्त चिडला की तेलगावची येते. त्यानं मोबाइलवर ग्रुप काढला, आणि दहावी पास झालेल्या सगळ्यांना हुडकून त्यात घेतलं. बबनला मी घेतलं. बबननं ग्रुपवर पहिलाच निरोप टाकला तो असा : 'सुमन कुठे आहे?'

प्रमोदनं विचारलं, कोण सुमन?

सुमन आमच्या वर्गात होती. मुलींच्या दुसऱ्या बाकावर. परीक्षा तोंडावर आली असताना तिचं लग्न झालं आणि ती शाळेतून गेली. खरं सांगायचं तर तिची आठवण मलाही बबननं विचारल्यावर आली.

रविवारी प्रमोद गावाकडे आला तेव्हा माझ्या मेडिकलपुढे बैठक झाली. प्रमोद शांतपणे म्हणाला, "बबन, समजून घे. ही दहावी पास झालेल्यांची बॅच आहे. असं मधूनच सोडून गेलेल्यांना बोलवायचं तर अंत नाही."

"मंग मी कावून हाय ग्रुपवर?"

प्रमोद मोबाइल चाळू लागला.

बबन म्हणाला, "हे बघ, भट्टीत गेला तो समदा एकच घाणा. एखादा पाव करपला, एखादा आदीच खाली पडला, म्हून तो काय दुसऱ्या भट्टीचा झाला का?"

"करपलेला पाव विकतोस का तू?"

"विकत न्हाई," बबन म्हणाला. "पन टाकूनबी देत न्हाई. मी खातो तो."

यावर प्रमोद चिडला. "अरे, तुला काय करायचं ते कर बे! आण कुनाला आनायचं ते!" त्याची तेलगावची भाषा परत आली, त्याअर्थी परवानगी मिळाली असं आम्ही धरलं.

सुमनचा पत्ता बबनला माहीत होता. बबनला सगळ्यांचे पत्ते माहीत असतात. ती आणि तिचा नवरा भीमराव ऊसतोडीला जातात, आणि त्या हंगामात त्यांची टोळी माजलगाव धरणाखालच्या उसात होती. बबननं मला गाडी काढायला लावली.

आम्ही गेलो तेव्हा अर्धा फड तुटला होता. सुमन डोक्याला फडकं बांधून मोळ्या बांधत होती. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं नाही. बबनकडे मात्र तिनं एकदाच बघितलं आणि हातातली मोळी खाली टाकली.

"बबन्या! किती फुगलास रं!"

"मैदा हाय तो," बबन म्हणाला.

आम्ही मेळाव्याचं सांगितलं. ती ऐकताना मध्येच हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, "लई बरं वाटलं बाबा, आठवन ठिवली. पन माझं कसं व्हावं? आमी नवरा-बायको मिळून एक कोयता. मी गेले तर ह्यो एकटा अर्धाच कोयता ऱ्हातो. गाडी भरायची कुनी? मुकादमाला काय सांगू, शाळंत जायचंय?"

"सांग की."

"येडा हायस का? दहावीत असताना न्हाई सांगता आलं, आता सांगू?"

ती हे रागानं म्हणाली नाही. मोळी उचलून परत बांधायला लागली. भीमरावनं आम्हाला पाणी दिलं. दहा मिनिटं उभे राहून आम्ही निघालो. परत येताना बबन एक शब्द बोलला नाही. एवढा वेळ तो गप्प बसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. तेलगावात उतरताना फक्त म्हणाला, "ऊस तोडायला लई शिकावं लागतं का रे?"

"मला काय माहीत? मी गोळ्या विकतो."

मेळाव्याच्या दिवशी सकाळी बेकरीतून नानकटाईचे डबे आणि खारीचे पुडे कार्यालयात पोचले. ते घेऊन शोभावहिनी आली होती. बबन आला नव्हता.

"कुठंय?"

"मला काय सांगून जातेत का? पहाटंच गेले. जुनी पँट घालून."

नऊ वाजता फेटे बांधून झाले. मुलींनी, म्हणजे आता आज्या व्हायला आलेल्या मुलींनी, ग्रुपवर ठरवून जांभळ्या साड्या नेसल्या होत्या. माइक 'हॅलो हॅलो' करत होता. वाघमारे सर पुढच्या खुर्चीत बसले होते. ऐंशीच्या घरात गेलेत, पण पाठ ताठ. सगळं होतं. आधीच्या दोन्ही मेळाव्यांना सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावणारा बबनच नव्हता.

प्रमोद माझ्या कानाशी लागला, "रुसला का रे तो?"

तेवढ्यात दारात हिरवी साडी दिसली. सुमन होती. जांभळ्या घोळक्यात ती हिरवी साडी लांबूनही उठून दिसत होती, आणि तिलाही ते कळलं असावं, कारण ती दारातच थांबली. मी पुढे गेलो.

"आलीस? आणि काम?"

"बबन्या उभा हाय माझ्या जागंवर," ती म्हणाली. "अंधारातच येऊन बसलता आमच्या पाचटाच्या कोपीपुढं. म्हनला, आज मी अर्धा कोयता. मी लई भांडले. ऐकंना. शेवटी नवराच म्हनला, जा बाई, न्हाईतर ह्यो मानूस दिसभर बोलून मारंल मला."

मी तिला आत नेलं. जांभळ्यातल्या एकीनं सरकून तिला जागा दिली.

मग परिचयाचा कार्यक्रम सुरू झाला. एकेक जण माइकवर येऊन सांगायला लागला. मी पुण्यात अमुक, मी बँकेत तमुक, माझा मुलगा जर्मनीत. मीही सांगितलं, मेडिकल आहे, गावातच आहे. सुमनची पाळी आली. ती उठायला तयार नव्हती. बायकांनी ढकलत ढकलत पुढे नेली. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि एका दमात म्हणाली,

"माय नेम इज सुमन. आय लिव्ह इन तेलगाव. आय स्टडी इन टेन्थ क्लास."

आधी दोघं-तिघं हसले. मग हसणं थांबलं.

सुमननं डोळे उघडले आणि वाघमारे सरांकडे बघितलं. "चुकलं का सर?"

सर उभे राहिले. त्यांना उठायला वेळ लागला. म्हणाले, "नाही बेटा. एक अक्षर चुकलं नाही."

टाळ्या प्रमोदनं सुरू केल्या, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. तो डोळेही पुसत होता, पण पुण्याच्या माणसाला आमच्या धुळीचा त्रास होतो, असं त्याचं म्हणणं.

टाळ्या थांबल्यावर सुमन म्हणाली, "हे मला बबन्यानं शिकविलं. मधल्या सुट्टीत समदे खेळायचे. मला इंग्रजी येत नव्हती, म्हून तो फळ्यावर लिहून माझ्याकडून म्हनून घ्यायचा. समदं पुस्तक त्याला पाठ होतं. मी नापास व्हईन म्हून लई घाबरायचा तो. पन मी परीक्षेलाच बसले न्हाई."

ती खाली उतरली. पुढचा माणूस माइकवर येऊन आपली शाखा कुठल्या बँकेची ते सांगू लागला. मी मात्र विचारात पडलो. सगळं पुस्तक पाठ असलेला माणूस चार वेळा इंग्रजीत नापास होतो कसा?

जेवणं झाल्यावर सुमनला सोडायला मीच गेलो. उन्हं कलली होती. फडाच्या बांधावर बबन पाय पसरून बसला होता. उसाच्या पातीनं दोन्ही हात कोपरापर्यंत चिरले होते. भुवयांवर मैद्याऐवजी काळी माती. भीमराव कपाळाला हात लावून बाजूला उभा होता.

"तोडायचं जमलं थोडंबहुत," भीमराव म्हणाला, "पन मोळी बांधनं जमंना. डोक्यावर घेतली की सुटायची. समद्या रानात ऊस सांडलाय."

"मी बांधते," सुमन म्हणाली. तिनं हिरव्या साडीवरच एक जुना सदरा चढवला आणि सरळ कामाला लागली. आम्ही निघालो तेव्हा फक्त मान वर करून म्हणाली, "बबन्या, सर म्हनले एक अक्षर चुकलं न्हाई."

बबननं मान हलवली.

गाडी रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "बबन, तू नापास कसा व्हायचास बे?"

"मला इंग्रजी येत न्हाई."

"खोटं बोलू नको."

उसाच्या गाड्या एकामागं एक कारखान्याकडे चालल्या होत्या. मग तो बोलला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला.

"पेपर कोरा द्यायचो. नंबर टाकायचा आन् बसून ऱ्हायचं."

"कावून?"

"तुमच्या गल्लीत ऱ्हाऊन तुला कळणार न्हाई सुध्या. आमच्या गल्लीत दिवाळी झाली की समदे तोडीला. आई-बापबी. मी म्हनलो मी शाळा शिकतो, तर मला एकट्याला ठिवून जायचे. गल्लीत समदी कुलपं. दोन-चार म्हातारी मानसं आन् कुत्री. दिसभर कुनी बोलायला न्हाई. शाळंत गेलो की सर हजेरी घ्यायचे. रोज एकदा का व्हईना, कुनीतरी माझं नाव घ्यायचं. पास झालो असतो तर कुनी घेतलं असतं?"

मी समोरच्या उसाच्या गाडीला वाट दिली आणि विचारलं,

"आन् इंग्रजीतच का?"

आता तो पहिल्यासारखा हसला. "गणितात नापास झालं की मास्तर घरी येतो चौकशीला. इंग्रजीत नापास झालं तर आपल्याकडं कुनी कावून म्हून विचारत न्हाई."

खरं होतं. इतक्या वर्षांत मीही विचारलं नव्हतं, आणि त्या चारही वर्गांतल्या कुणीच विचारलं नव्हतं. मग मी मेळाव्याचं सांगू लागलो. कोण आलं, कोण जाड झालं, कुणाचे केस गेले, कुणाचा मुलगा जर्मनीत. तो प्रत्येकाला "बरं, बरं" म्हणत होता. सगळं सांगून झाल्यावर त्यानं काचेबाहेर बघतच विचारलं,

"माझं काही निघालं का रे?"

"निघालं की. सुमननं काढलं. माइकवर. सगळ्यांपुढं."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

बबनचे चिरलेले हात झोंबत असावेत. त्यानं काच खाली केली, दोन्ही हात बाहेर वाऱ्याला धरले आणि तेलगाव येईपर्यंत तसेच धरून बसला.